चांद्याचा परकोट आणि मराठी किशोर ऐतिहासिक कथा

१

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीची चर्चा विपुल झाली आहे. परंतु किशोर वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांकडे समीक्षेने बहुधा उपयुक्ततेच्या दृष्टीनेच पाहिले आहे. संस्कार, स्फूर्ती, चरित्रघडण या शब्दांपलीकडे या लेखनाच्या रूपबंधाचा विचार क्वचितच गेला. वस्तुतः वाचकाच्या मनात 'आपला भूतकाळ' म्हणून जे चित्र प्रथम उमटते ते इतिहासग्रंथातून उमटत नाही. दहा ते पंधरा या वयात हाती आलेल्या गोष्टींतून ते उमटते, आणि पुढील आयुष्यातील वाचन त्या चित्रात भर घालते. त्याची चौकट सहसा बदलत नाही. म्हणून ही चौकट कोणती, ती कोठे घडली आणि तिच्याबाहेर काय राहिले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचाही आहे.

या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यबहुल जिल्हे विशेष सोयीचे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा एकच चांदा (पुढे चंद्रपूर) जिल्हा होता. १७५१ पर्यंत येथे गोंड राजांची सत्ता होती. परकोटाने वेढलेली राजधानी, वैरागडची हिऱ्यांची खाण, वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यातील तळी, पतीच्या पश्चात राज्य सांभाळणारी राणी, हत्येत संपलेला विवाहसोहळा, नगरस्थापनेची अद्भुत कथा असे किशोर ऐतिहासिक कादंबरीला लागणारे जवळजवळ सर्व साहित्य येथे उपलब्ध आहे. असे असूनही मराठी किशोरकथेचा मुख्य प्रवाह या बाजूला वळला नाही. चांद्याचे गोंड राज्य मराठी मुलांना भेटते ते स्थलवर्णनातील एखाद्या परिच्छेदात, दंतकथासंग्रहातील दोन पानांत किंवा नागपूरकर भोसल्यांच्या विस्ताराच्या यादीतील एका नावाच्या रूपाने.

ही अनुपस्थिती सामग्रीच्या अभावामुळे आहे, असे म्हणता येत नाही. तिची कारणे वाङ्मयप्रकाराच्या घडणीत आहेत, आणि तीच येथे तपासावयाची आहेत.

२

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिचे साल १८७१. तिच्या नावातच गड आहे, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांच्या दृष्टीने सूचक ठरली. हरिभाऊ आपटे यांच्या 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' या कादंबऱ्यांनी या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. नाथमाधवांच्या स्वराज्यविषयक कादंबऱ्यांनी तो घरोघरी नेला. या कृती मुळात मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. पण शालेय वयाच्या वाचकांनी त्या आपल्याशा केल्या आणि किशोरकथेने आपला आदर्श त्यांतूनच घेतला. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' (१९०६) या मासिकांनी मुलांसाठी वाचनाचे स्वतंत्र क्षेत्र निर्माण केले, आणि त्या क्षेत्रात ऐतिहासिक गोष्टीला आरंभापासूनच मानाचे स्थान होते. पुढे गो. नी. दांडेकर यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांनी याच परंपरेला भाषेचा नवा जिवंतपणा दिला. शाळेतही हेच घडले. चौथीचे इतिहासाचे पाठ्यपुस्तक १९७० नंतर अनेक दशके शिवचरित्राला वाहिलेले राहिले.

या परंपरेचे वाङ्मयीन यश नाकारण्याचे कारण नाही. तिने मराठी मुलाला वेगवान कथानक दिले आणि भूगोलाशी भावनिक नाते जोडून दिले. परंतु तिने एक साचाही निर्माण केला. त्याची तीन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत.

पहिले वैशिष्ट्य अवकाशाचे. या कथेचे केंद्र डोंगरी किल्ला हे असते. अरण्य येते ते दोन गडांमधल्या वाटेवर. ते लपण्याची जागा असते किंवा अडथळा असतो, आणि त्यात राहणारी माणसे वाटाडे, हेर, इमानी सोबती किंवा लुटारू असतात. अरण्य हेच राज्य असू शकते, त्याला सीमा, महसूल, दरबार आणि कायदा असू शकतो, ही शक्यता या अवकाशरचनेत बसत नाही.

दुसरे वैशिष्ट्य निवेदकाच्या 'आम्ही'चे. निवेदक आणि बाल वाचक सुरुवातीपासूनच एका पक्षात असतात. शत्रू बाहेरून आलेला असतो, त्याची भाषा निराळी असते, आणि कथेतील नैतिक निर्णय पहिल्या प्रकरणापूर्वीच झालेला असतो.

तिसरे वैशिष्ट्य काळाचे. घटना स्वराज्याच्या दिशेने सरकत असतात. पराभव आला तरी तो पुढील विजयाची पूर्वतयारी म्हणून येतो. त्यामुळे ज्या राज्याचा शेवट शेवटच राहिला, ज्याला पुढचा विजय नाही, त्या राज्याची कथा या काळरचनेत सांगणे कठीण होते.

चांद्याची कथा या तिन्ही ठिकाणी साच्याला अडते.

३

प्रथम सामग्रीचे स्वरूप पाहू. चांद्याच्या परंपरेत १७५१ पर्यंत होऊन गेलेल्या १९ राजांची नावे सांगितली जातात. ही नामावली दहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे न्यावयाची तर प्रत्येक राजाच्या वाट्याला सरासरी ४० वर्षांहून अधिक काळ येतो. म्हणजे तिच्या पूर्वार्धाकडे कालगणना म्हणून पाहता येत नाही. आधी सिरपूर, मग बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर असा राजधानीचा प्रवास परंपरा सांगते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्र भक्कम आधार मिळतो. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा बाबजी याचा उल्लेख असून त्याच्याजवळ १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याचे म्हटले आहे. हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याने नुकतेच दुसऱ्या जमीनदाराकडून जिंकले होते, असेही तेथे नोंदले आहे. संख्या अचूक मानण्याची गरज नाही. मोगल दप्तराने या राज्याची दखल जंगलातील टोळी म्हणून घेतलेली नसून सैन्य आणि खाण बाळगणारी सत्ता म्हणून घेतली आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

या सामग्रीतील सर्वांत प्रसिद्ध भाग नगरस्थापनेच्या कथेचा आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. बल्लारपूरहून शिकारीस निघालेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. खडकातील गाईच्या खुरांच्या ठशांत त्याला पाणी मिळाले आणि त्या पाण्याने त्याची व्याधी गेली. तेथे अचलेश्वराचे स्थान झाले. पुढे त्याच परिसरात, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा आपल्या कुत्र्याचा पाठलाग करतो आहे, असे विलक्षण दृश्य राजाने पाहिले. वेडीवाकडी वळणे घेत हा पाठलाग बराच वेळ चालला; अखेर कुत्र्याने उलटून सशाला मारले. राजाने ही हकीकत राणीला सांगितली. राणीने तिचा अर्थ लावला: पाठलागाच्या रेषेवर परकोट बांधून नगर वसवावे, आणि जेथे कुत्रा सशावर उलटला व जेथे त्याने त्याला मारले त्या ठिकाणी बुरूज अधिक बळकट करावेत, कारण नगरावरील संकट तेथूनच येईल. चंद्रपूर या नावाचा संबंधही लोकव्युत्पत्ती सशाच्या कपाळावरील चंद्राशी जोडते.

मुलांसाठी ही कथा सांगताना ती 'चंद्रपूरची गंमतीदार दंतकथा' म्हणून सांगण्याचा मोह होतो. परंतु हीच कथा भारतात अन्यत्रही सांगितली जाते. विजयनगरच्या स्थापनेची कथा शिकारी कुत्र्यांवर उलटणाऱ्या सशाचीच आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज प्रवासी नुनीझ याने ती नोंदवली आहे. १४११ साली वसलेल्या अहमदाबादविषयी हीच कथा सांगतात. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी बिदरला हलवली त्याबाबतच्या कथेत सशाच्या जागी कोल्हा आहे. एकच कथाबीज हिंदू सम्राटांच्या, गुजरातच्या सुलतानांच्या आणि बहामनींच्या राजधान्यांशी निगडित असावे, आणि तेच चांद्याच्या गोंड राजांनीही धारण करावे, याचा अर्थ केवळ लोककथांच्या संचाराने लागत नाही. ही मध्ययुगीन राजधानीची अधिकारकथा आहे. दुर्बळ प्राणी जेथे बलवंतावर उलटतो ती भूमी राज्य करण्यास योग्य, असे तिचे सूत्र आहे. ही कथा आपल्या नगराशी जोडताना चांद्याची परंपरा आपल्या राजधानीला विजयनगर, अहमदाबाद, बिदर यांच्या पंक्तीत बसवते. तिच्याकडे आदिवासी कल्पनाविलास म्हणून पाहिले की हा राजकीय आशयच नाहीसा होतो.

चांद्याच्या पाठातील भेदही तितकेच अर्थपूर्ण आहेत. विजयनगरच्या कथेत दृष्टान्ताचा अर्थ सांगणारा तपस्वी असतो; येथे तो अर्थ राणी लावते. विजयनगरची कथा सशाच्या धैर्यापाशी थांबते. येथे ससा मरतो. नगराच्या जन्मकथेतच त्याच्या मर्मस्थानाची नोंद आहे. आपण अजिंक्य आहोत असे हे नगर म्हणत नाही. कोठून संकट येईल ते आपल्याला माहीत आहे, असे म्हणते. किशोर वाचकाला देण्याजोगे याहून प्रगल्भ असे इतिहासाचे भान दुसऱ्या फारशा नगरकथांत मिळणार नाही. पण त्यासाठी सशाच्या मृत्यूपर्यंत कथा सांगितली गेली पाहिजे. ती सशाच्या पराक्रमापाशी संपवली तर उरते ती फक्त स्फूर्तिकथा.

परकोट आज उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे दरवाजे व चोर खिडकी, विठोबा खिडकी यांसारख्या खिडक्या ही आजही चंद्रपूरच्या रोजच्या बोलण्यातील ठिकाणे आहेत. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. लालपेठेत रायप्पा या कोमटी सावकाराच्या नावाशी जोडलेल्या, देवळावाचून उघड्यावर राहिलेल्या प्रचंड पाषाणमूर्ती आहेत. म्हणजे येथील मुलाच्या भोवती इतिहास दगडात उपस्थित आहे. त्याच्या पुस्तकात मात्र तो नाही.

४

असे का झाले याचे एक उत्तर साधनांच्या इतिहासात मिळते. चांद्याच्या राजांची सलग हकीकत प्रथम विस्ताराने लिहिली गेली ती इंग्रजीत, आणि तीही महसुलाच्या कागदांत. चांद्याचे अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात ही कथा आली. त्यानंतर दोनच वर्षांनी 'मोचनगड' अवतरली, हा योगायोग लक्षणीय आहे. एकाच सुमारास एका भूतकाळाला कादंबरी मिळाली आणि दुसऱ्याला अहवाल. पुढे १९०९ च्या जिल्हा गॅझेटियरने अहवालातील हकीकत पुढे चालवली, आणि नंतरच्या बहुतेक लेखनाचा मूलाधार हाच राहिला.

या अहवालाची दृष्टी निष्पाप नाही. गोंड राजांनी सुशासित, संतुष्ट आणि स्थापत्यकौशल्याने नटलेले राज्य मागे ठेवले, नंतरच्या काळात तितकी समृद्धी पुन्हा आली नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. गोंड राजांच्या या गौरवात मराठी राजवटीची निंदा अंतर्भूत आहे. आधीचे सुवर्णयुग, मधला ऱ्हास आणि नंतरचे इंग्रजी पुनरुज्जीवन ही तीन पायऱ्यांची मांडणी वासाहतिक इतिहासलेखनाची ओळखीची मांडणी आहे. ज्या काळात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्यापासून राजवाड्यांपर्यंत मराठी विद्वान ग्रँट डफच्या मांडणीशी झुंजत होते, त्या काळात मराठी लेखकाला ही मांडणी मान्य होणे शक्य नव्हते. तिचा अव्हेर योग्यच होता. मात्र मांडणीबरोबर कथाही टाकली गेली. चांद्याचे राज्य ल्युसी स्मिथच्या चौकटीतून सोडवून मराठीत नव्याने सांगण्याचे काम मागे पडले. या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४), अ. ज. राजूरकर यांचा 'चंद्रपूरचा इतिहास' यांसारख्या ग्रंथांनी इतिहासाच्या क्षेत्रात हे काम हाती घेतले. पण इतिहासाकडून कथेकडे जाणारी वाट, जी पुण्या-मुंबईत बखरी आणि कादंबरी यांच्यात रुळलेली होती, ती येथे तयार झाली नाही.

दुसरे उत्तर १७५१ या सालात आहे. रघूजी भोसले (पहिले) यांनी नीळकंठशहाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आधी कराराने घेतला आणि त्यानंतर राज्यच खालसा केले. चांद्याचा शेवटचा राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत गेला. येथे साच्यातील 'आम्ही' दुभंगतो. किल्ल्याबाहेरचे सैन्य मराठी आहे, आणि आतले लोक आज मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पूर्वज आहेत. बाल वाचकाला कोणत्या बाजूला उभे करावयाचे? शिवकालीन कथेने तयार केलेला निवेदक या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून तो या प्रसंगापाशी येतच नाही. मौन बाळगण्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. रूपबंधालाच जे उच्चारता येत नाही ते परंपरेतही अनुच्चारित राहते.

तिसरे कारण भाषिक सीमांचे आहे. गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा ही गोंडांची चार प्रमुख राज्ये. त्यांपैकी पहिल्या तिघांची मुख्य स्थाने आज मध्य प्रदेशात आहेत; चांदा तेवढे १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. हिंदीत वृंदावनलाल वर्मा यांच्यासारख्या ऐतिहासिक कादंबरीकाराने गोंड विषयाला हात घातला. 'कचनार' आणि 'महारानी दुर्गावती' या त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. चांदा मात्र हिंदी परंपरेच्या बाहेर पडले आणि मराठी परंपरेच्या आत पोचले नाही.

५

'गोंड' म्हणूनच हा विषय टाळला गेला, असा सरधोपट निष्कर्ष काढता येणार नाही. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती ही भारतीय किशोरवाङ्मयाची लाडकी नायिका आहे. अमर चित्रकथेने तिच्यावर स्वतंत्र अंक काढला आणि तिची कथा अनेक भाषांतील मुलांपर्यंत गेली. म्हणून दुर्गावती आणि चांद्याची राणी हिराई यांची तुलना साच्याच्या कार्यपद्धतीवर अधिक प्रकाश टाकते.

दोघींच्या स्थितीत साम्य आहे. दोघी विधवा, दोघींनी अल्पवयीन वारसाच्या नावे राज्य चालवले. दुर्गावतीने पुत्र वीरनारायणासाठी, हिराईने दत्तक रामशहासाठी. परंतु दुर्गावतीच्या कथेत साच्याला हवे ते सर्व आहे. ती चंदेल राजकन्या आहे. त्यामुळे तिचे शौर्य राजपूत परंपरेच्या परिचित परिभाषेत सांगता येते. तिचा शत्रू मोगल सरदार आसफखान आहे. १५६४ साली ती रणांगणावर लढली आणि पकडले जाण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने मरण पत्करले. शत्रू, रणांगण आणि बलिदान ही तिन्ही स्थाने भरलेली असल्यामुळे तिचे गोंड राज्याशी असलेले नाते कथेच्या पार्श्वभूमीत राहू शकते. वाचकाला गोंड समाजाची, त्यांच्या भाषेची किंवा राज्यव्यवस्थेची ओळख न करून देताही दुर्गावतीची कथा सांगता येते, आणि बहुधा ती तशीच सांगितली जाते.

हिराईची कथा अशी सांगता येत नाही. तिचा पती बीरशहा याच्याविषयीची परंपरा भीषण आहे. आपल्या मुलीचा अपमान करणाऱ्या देवगडच्या जावयावर चालून जाऊन त्याने त्याचे मस्तक महाकालीला वाहिले, आणि त्याची दगडी प्रतिकृती देवगडच्या दिशेला तोंड करून मंदिरावर बसवली, असे सांगतात. पुढे दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या राजपूत सेवकाने बीरशहाचा वध केला. अठराव्या शतकाच्या आरंभी सत्ता हाती आलेल्या हिराईने युद्धकीर्ती मिळवली नाही. तिने बीरशहाची भव्य समाधी उभारली; महाकाली आणि अचलेश्वर या मंदिरांच्या उभारणीशी तिचे नाव निगडित आहे. ज्या पतीने तिच्या हयातीत दुसरा विवाह मांडला त्याची समाधी तिने चांद्यातील सर्वांत देखणी केली. निष्ठा, राज्याची प्रतिष्ठा, दत्तक वारसाच्या अधिकाराची जाहीर खूण यांपैकी कोणता हेतू यामागे होता, हे ठरवणे सोपे नाही. हा प्रश्न चांगल्या कादंबरीचा प्रश्न आहे. पण त्याला शत्रू नाही, रणांगण नाही, बलिदान नाही. साच्याच्या दृष्टीने हिराईने काहीच 'केलेले' नाही.

चांद्याच्या सबंध राज्याचेही तसेच आहे. १६६७ साली दिलेरखान चालून आला तेव्हा चांद्याच्या राजाने खंडणी मान्य करून राज्य वाचवले. मोठ्या सत्तांच्या सीमेवरील अरण्यराज्य लढाईने जितके टिकते त्याहून अधिक अंतर, तडजोड आणि पाणीव्यवस्था यांनी टिकते. मराठी किशोरकथेने शौर्याची व्याख्या तलवारीशी इतकी घट्ट बांधली की टिकून राहण्याचे शहाणपण तिला नायकत्वाच्या कक्षेत घेता आले नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडच्या काळात स्थानिक अस्मितेच्या जागृतीबरोबर गोंड राजे-राण्यांविषयी लेखन होऊ लागले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. परंतु गडाच्या जागी परकोट, मावळ्याच्या जागी गोंड सैनिक आणि जिजाबाईंच्या जागी हिराई अशी अदलाबदल केली तर यादी वाढेल, चौकट तीच राहील. अशा कथेत हिराईला तिने न केलेली लढाई करावी लागेल.

६

मग दुसरा रूपबंध कोणता? इंग्रजी किशोर वाङ्मयातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जेफ्री ट्रीझ यांच्या 'बोज अगेन्स्ट द बॅरन्स' (१९३४) या कादंबरीने रॉबिन हुडची कथा कुळांच्या बाजूने सांगून मध्ययुगीन कथेतील सरंजामी स्वप्नरंजनाला छेद दिला. त्यापुढचे पाऊल रोझमेरी सटक्लिफ यांनी टाकले. त्यांच्या 'नाइट्स फी' (१९६०) या कादंबरीचा काळ इंग्लंडवरील नॉर्मन विजयानंतरचा आहे. नायक रँडल हा सॅक्सन आई आणि ब्रेटन शिपाई यांचा अनाथ मुलगा. किल्ल्यात कुत्री सांभाळणारा. पुढे नॉर्मन घराण्यातील बेव्हिस त्याचा जिवलग होतो. या कादंबरीत जेते आणि जित यांच्यातील तेढ लपवलेली नाही. पण वाचकाला एका पक्षात उभेही केलेले नाही. नायकाच्या रक्तातच दोन्ही बाजू आहेत. शिवाय दोघांच्याही आधीपासून त्या टेकड्यांवर राहणाऱ्या लोकांची स्मृती मेंढपाळाच्या हातातील गारगोटीच्या कुऱ्हाडीतून कथेत येते. ११०६ च्या टिंशेब्रेच्या लढाईपर्यंत कथा जाते. परंतु तिचा खरा विषय भूमीशी नाते जडण्याचा आहे.

ग्यॉर्गी लुकाच यांनी स्कॉटच्या संदर्भात मांडलेला 'मध्यम नायक' किशोर कादंबरीत असा फलद्रूप होतो. संघर्षातील दोन्ही पक्षांत वावरू शकणारा, स्वतः इतिहासाचा कर्ता नसलेला हा नायक बाल वाचकाच्या स्थितीशी मिळताजुळता असतो. मूलही प्रौढांच्या जगात असेच वावरते. चांद्याच्या इतिहासात असे नायक मुबलक आहेत. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला, तळे बांधणाऱ्याला जमीन देण्याची गोंड राजांची पद्धत प्रसिद्ध आहे. चंद्रपुरातील 'तुकूम' हे वस्तीचे नाव अशा जमीनधारणेची आठवण ठेवून आहे. तळी बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी कुटुंबातील मुलगा, परकोटाच्या दगडावर काम करणारा पाथरवट, रायप्पाच्या अपुऱ्या मूर्तींवर हात चालवणारा शिकाऊ कारागीर किंवा १७५१ मध्ये नव्या कारकुनांना जुनी गावे दाखवत फिरणारा पोरगा यांच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांतून राज्य पाहता येईल, आणि मग 'आपण कोणाच्या बाजूचे' हा प्रश्न कथेच्या आरंभी सुटलेला असण्याऐवजी कथेतून उलगडत जाईल.

या नायकांत परधानाचे स्थान वेगळे आहे. किंगरी वाजवून गोंड कुळांच्या वंशावळी आणि कथा गाणारा परधान हा या समाजाचा दप्तरखाना होता. स्टीफन हिस्लॉप यांनी संकलित केलेले आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेले लिंगोचे गीत परधानाच्याच मुखातून आले. म्हणजे बखर नसल्यामुळे कथा नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. बखरीच्या जागी गायन होते. मराठी कादंबरीकाराची वाट त्या बाजूला गेली नाही इतकेच. परधानाला निवेदक केले तर कालगणनेचा प्रश्नही निराळ्या रीतीने सुटतो. १९ राजांची नावे सांगणारा गायक वर्षे मोजत नाही. तो कोणाला आठवावयाचे ते ठरवतो. आठवण आणि इतिहास यांतला हा फरक किशोर वाचकाला कथेतूनच कळू शकतो.

अखेरचा प्रश्न भाषेचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. भामरागड, एटापल्लीच्या मुलाची घरची भाषा माडिया किंवा गोंडी असते. सिरोंच्याकडे तेलुगू कानावर पडते. मराठी ही त्याला शाळेतून मिळते. शिवकालीन कथेतील ठसठशीत मावळी बोली पुण्याच्या मुलाला इतिहासाचा स्वाद देते. या मुलाला ती आणखी एक परकी भाषा असते. चांद्याची कादंबरी मराठीत लिहिली जाईल तेव्हा तिच्या दरबारात गोंडी बोलली जात होती, हे तिच्या मराठीला कोठेतरी जाणवू द्यावे लागेल. स्थळांची, झाडांची, नात्यांची गोंडी नावे, परधानाच्या कथनाची लय आणि बाहेरून आलेल्या माणसाला न समजलेला एखादा संवाद यांमुळे मराठी वाचकाला आपण या राज्यात पाहुणे आहोत याची जाणीव होईल. आणि माडिया मुलाला मराठी पुस्तकात प्रथमच यजमान होता येईल.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा भरले, १९७९ मध्ये वामन चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांत परकोटाच्या सावलीत वाढलेले, घरात गोंडी बोलणारे विद्यार्थीही आहेत. त्यांच्या संशोधनासाठी या विषयात दोन कामे तातडीची आहेत. परधान गायकांच्या चांदाविषयक कथांचे मूळ गोंडी पाठांसह संकलन व्हावयास हवे, आणि विसाव्या शतकातील मराठी बालमासिकांत गोंड प्रदेशाचे जे तुरळक उल्लेख आले त्यांची सूची व चिकित्सा व्हावयास हवी. ही कामे झाली तर एक कादंबरी आपोआप लिहिली जाईल असे नाही. पण ती लिहू पाहणाऱ्याला ल्युसी स्मिथच्या अहवालापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि सशाची कथा कुठे संपते हे त्याला ठाऊक असेल.